मुंबईतला ख्रिस्ती धर्म आणि मिशनरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या ख्रिस्ती इतिहासाबद्दल बोलताना तेच तेच प्रश्न समोर येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, काहींच्या मागे राग असतो, काहींच्या मागे ऐकीव माहिती. एक गोष्ट आधीच सांगतो. हा धर्म बाहेरून आला हे खरं, पण मुंबईत तो कसा रुजला, त्याचं काय झालं, हे मुख्यतः इथल्या मराठी माणसांनी ठरवलं. मिशनऱ्यांची नावं पुष्कळांना ठाऊक असतात, या माणसांची मात्र विसरली जातात. म्हणून खालच्या उत्तरांत त्यांना जरा जास्त जागा दिली आहे.

मुंबईत ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला ना?

नाही. इंग्रज आले तेव्हा तो इथे चांगला शंभरएक वर्षं नांदत होता. १५३४च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटं आणि त्यांच्या उत्तरेचं साष्टी बेट त्यातच आलं. त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या कॅथलिक साधुसंघांच्या पाद्र्यांनी माहीम, वांद्रे, बोरिवली, ठाणे, वसई या पट्ट्यात चर्च उभारली. मुंबई इंग्रजांना मिळाली ती इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन यांच्या १६६१च्या विवाहकराराने. प्रत्यक्ष ताबा १६६५ साली आला आणि १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकली.

पोर्तुगीजांच्याही आधीच्या खुणा आहेत. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरात बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. ते आपलं कल्याण असावं असं बरेच अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना ठार मारण्यात आलं. त्यांच्या सोबतीने आलेल्या जॉर्डनस या डॉमिनिकन साधूने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला नेऊन पुरले. म्हणजे मुंबईच्या आसपास हा धर्म बंदरांच्या वाटेने, व्यापाऱ्यांच्या जहाजांतून, फार आधी येऊन गेला होता. वस्तीला राहिला तो मात्र पोर्तुगीज काळात.

पोर्तुगीज काळातली धर्मांतरं जबरदस्तीची होती का?

हा प्रश्न टाळणं बरोबर नाही. राजसत्तेचा दबाव होता, हे मान्यच करायला हवं. देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनी धर्मसंस्थांकडे गेल्या, हिंदूंच्या जाहीर सणसमारंभांवर बंधनं आली. आईबाप नसलेली मुलं चर्चच्या ताब्यात देण्याचे नियम झाले. १५६० साली गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, हात उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखापर्यंत पोचत असे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात आजही जाऊन पाहा. शिवाचं प्राचीन लेणं चर्चसाठी वापरलं गेलं, भिंतीवर क्रूस कोरला गेला, वरच्या बाजूला मठ आणि चर्च उभं राहिलं. त्या इमारतीचे भग्न अवशेष लेण्याच्या डोक्यावर अजून आहेत. एका समाजाच्या श्रद्धेची जागा दुसऱ्याने सत्तेच्या जोरावर घेतली, हे तिथे डोळ्यांना दिसतं आणि त्याचं समर्थन करता येत नाही.

पण सगळी धर्मांतरं तलवारीच्या टोकावर झाली असंही नाही. काही ठिकाणी गावंच्या गावं, जातीच्या जाती एकत्र ख्रिस्ती झाल्या. त्यात जमीन, नोकरी आणि संरक्षण यांचा हिशेब होता, काहींचा खरा विश्वासही होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता इथून उठली. वसई आणि साष्टीतला ख्रिस्ती समाज मात्र उठून गेला नाही. निव्वळ भीतीने धरलेला धर्म भीती गेल्यावर लोकांनी सोडला असता, असं मला वाटतं.

वसईनेच एक संतही दिला. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म तिथला. जपानमध्ये नागासाकी इथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रूसावर मारण्यात आलं आणि १८६२ साली पोपनी त्यांना संत घोषित केलं.

फादर स्टीफन्स मुंबईचे होते का?

नाही, ते गोव्याचे. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्याला आलेल्या या जेझुइट पाद्र्याचं ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली तिथल्या राशोल इथे छापलं गेलं, आणि छपाईचे देवनागरी खिळे नसल्याने तेही रोमन लिपीत. गोंधळ होतो तो साष्टीमुळे. एक साष्टी गोव्यात आहे आणि दुसरी आपली, मुंबई-ठाण्याची. स्टीफन्स यांचं कार्य गोव्याच्या साष्टीतलं.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण? ते तर मुंबईचेच ना?

मुंबईचेच, आणि अगदी मूळचे. कोळी, कुणबी, भंडारी, पाचकळशी अशा इथल्याच जातींतून पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला हा समाज. पुढे रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या नोकऱ्यांसाठी गोवा आणि मंगळूरकडून कॅथलिक लोक येऊ लागले. आपण त्यांच्याहून वेगळे, इथले आणि कंपनी सरकारच्या चाकरीतले, हे दाखवण्यासाठी या समाजाने ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. घरात मराठीची खास बोली, लग्नात उंबराचं पाणी आणण्याचा विधी, जात्यावरची गाणी, बाटलीत भरून ठेवायचा मसाला हे सगळं आजही गोराई, उत्तन, वांद्रे, कुर्ला, मरोळच्या गावठाणांत सापडतं. मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस पाहून ज्यांना नवल वाटतं, त्यांनी एकदा या गावठाणांतून चालून यावं.

कंपनी सरकारने मिशनऱ्यांना बोलावून आणलं, हे खरं का?

उलट, कंपनीला ते नकोच होते. धर्मात हात घातला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही तिची भीती. १८१३ सालापर्यंत तिच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळा प्रवेश नव्हता.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या तरुण अमेरिकन मिशनऱ्यांची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. १८१२ साली ते कलकत्त्याला उतरले तेव्हा त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. तिथून निसटून ते १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत पोचले. अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध सुरू होतं, त्यामुळे संशय आणखी वाढला. इथेही परत पाठवणीचा आदेश निघाला. त्यांनी गुपचूप जहाज धरून निघून जाण्याचा प्रयत्न केला, पण कोचीनहून त्यांना परत आणलं गेलं. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना खरमरीत पत्रं लिहिली. नेपियन मनाने अनुकूल होते. तिकडे लंडनमध्ये कंपनीची नवी सनद मंजूर झाली, मिशनऱ्यांना वाट मिळाली आणि दोघांना राहू दिलं गेलं. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी, सरकारच्या इच्छेविरुद्ध झाली.

नॉट आजारपणामुळे लवकरच परत गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, बाजारात आणि देवळांच्या आवारात उभे राहून बोलू लागले. मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीची साथ सुरू होती. लोकांना औषधं वाटता वाटता त्यांनाच ती लागली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात ते वारले. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते.

मग त्यांच्या हातून किती लोक ख्रिस्ती झाले?

मुंबईत सुरुवातीच्या काही दशकांत फारच थोडे. धर्मांतराच्या आकड्यांनी मोजलं तर ते काम अपयशीच म्हणावं लागेल. त्यांचा ठसा दुसरीकडे उमटला.

दुसरीकडे म्हणजे कुठे?

शाळा आणि छापखाना. माझ्या मते मुंबईच्या मराठी इतिहासावरचा मिशनऱ्यांचा सगळ्यात खोल परिणाम हाच.

अमेरिकन मिशनने मुलांसाठी पहिली शाळा मुंबईत १८१५ साली काढली. १८२४ साली त्यांनीच मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. मुलीला अक्षर शिकवलं तर ती विधवा होते असं मानणाऱ्या काळात हे घडलं. १८२७च्या डिसेंबरात सिंथिया फॅरार मुंबईला आल्या. परदेशी कामासाठी अमेरिकेहून पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्री मिशनऱ्यांपैकी त्या एक. त्यांनी मुंबईतल्या मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८३९ साली त्या अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते नगरच्या याच फॅरारबाईंकडे. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनीही १८२९ साली मुंबईत येताच मुलींच्या शाळा काढल्या. सहाच वर्षांनी, १८३५ साली, त्या इथेच वारल्या.

छापखान्याची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. अमेरिकन मिशनने मुंबईत छपाई सुरू केली, मराठीत पुस्तिका आणि १८२६ साली नवा करार छापला. पुढे टॉमस ग्रॅहम यांनी मराठी आणि गुजराती अक्षरांचे सुबक खिळे तयार केले. हा छापखाना जवळून पाहून गणपत कृष्णाजी या मराठी माणसाने स्वतःचा छापखाना उभा केला. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला हात लावत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई करून पंचांगं आणि पोथ्या छापल्या. ग्रॅहम यांच्या हाताखाली पोरवयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला. वेद, पुराणं, संस्कृत काव्यं यांच्या देखण्या, शुद्ध आवृत्त्यांसाठी तो देशभर गाजला. बायबल छापण्यासाठी आलेली विद्या पाचपन्नास वर्षांत इथल्या कारागिरांच्या हातात गेली आणि तिने हिंदू शास्त्रग्रंथ घरोघर पोचवले. मिशनने असं काही योजलं नव्हतं. ते इथल्या माणसांनी केलं.

जॉन विल्सन म्हणजे विल्सन कॉलेजवाले का?

तेच. स्कॉटलंडचे, १८०४ सालचा जन्म, १८२९ साली मुंबईत आले आणि १८७५ साली इथेच वारले. गिरगावात आंब्रोळीला १८३२ साली त्यांनी काढलेल्या इंग्रजी शाळेतून आजचं कॉलेज वाढलं. चौपाटीची इमारत त्यांच्या मृत्यूनंतरची, १८८९ची. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी अशा भाषा शिकून त्यांनी पारशी आणि हिंदू ग्रंथांचा अभ्यास केला. गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखाचा त्यांनी मिळवलेला ठसा जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोचला आणि ब्राह्मी लिपीतला मजकूर उलगडताना कामी आला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्वान खरे, पण ही विद्या त्यांनी आधी वाद जिंकण्यासाठी मिळवली होती. त्यांच्या लेखनात हिंदू आणि पारशी धर्मांबद्दलची भाषा अनेकदा टोचणारी, वरून खाली पाहणारी आहे. त्यांचं मोठेपण सांगताना हेही सांगायला हवं.

धर्मांतरावरून मुंबईत खळबळ माजली होती, ती कधी?

दोनदा तर फारच मोठी. १८३९ साली विल्सन यांच्या शाळेतले धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. सगळा पारशी समाज हादरला. प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि धनजीभाईंना आपल्या इच्छेनुसार राहण्याची मोकळीक मिळाली. मिशनच्या शाळेतून मुलं भराभर काढली गेली.

दुसरं प्रकरण १८४३चं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून जेवू लागला. तो अल्पवयीन असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. आता प्रश्न उभा राहिला की बाटलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घेता येईल का. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी घ्यावं अशी बाजू लावून धरली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. शुद्धीचा विषय पुढे महाराष्ट्रात वारंवार निघाला. त्याची ही आधुनिक काळातली पहिली मोठी चर्चा. नारायण शेषाद्री पुढे धर्मोपदेशक झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं.

या दोन्ही प्रकरणांत ज्या घरांतली मुलं दुरावली त्या आईवडिलांचं दुःख खरं होतं, आणि ज्या तरुणांनी घरदार सोडलं त्यांचंही. कागदपत्रांत कोर्टाचे निकाल भरपूर सापडतात, आईचं म्हणणं जवळजवळ कुठेच नाही.

हिंदूंनी मिशनऱ्यांना उत्तरं दिली नाहीत का?

दिली, आणि जाहीर दिली. १८३१ साली मोरभट्ट दांडेकर यांनी विल्सन यांच्याशी वाद घातला आणि आपलं म्हणणं छापून काढलं. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांशी वाद केला. ऐकायला गर्दी लोटे. समोर अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन असत. मिशनचा पगार नाकारून गरिबांच्या वस्तीत अगदी साधेपणाने राहणारा हा माणूस, त्याचा आदर विरोधकही करत. ज्या वर्षी उत्तरेत बंड पेटलं त्याच वर्षी मुंबईच्या वाळूत बसून लोक देव, अवतार आणि मोक्ष यांवर शब्दांनी झगडत होते. हा वाद पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. मराठी गद्याला युक्तिवादाची धार आली ती या धबडग्यात.

मराठी ख्रिस्ती माणसांनी स्वतः काय केलं?

बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. हिंदू विधवांच्या हालांवरचं त्यांचं यमुनापर्यटन १८५७ साली निघालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखलं जातं.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली. सदन पुण्याला गेल्यावर मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात म्हणून गदारोळ झाला आणि सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाजूला झाले. रमाबाई मात्र चर्चच्या वरिष्ठांपुढेही वाकल्या नाहीत. कुठला सिद्धांत मानायचा हे त्या स्वतः ग्रंथ वाचून ठरवत. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते केडगावच्या मुक्ती सदनात बायकांच्या हातून छापलं गेलं. दोन्हीकडच्या पुरुषांचा राग झेलून उभं राहणारी इतकी मोठी व्यक्ती त्या काळात दुसरी दिसत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत बसवलं, टाळमृदंगाच्या भजनात आणलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. परदेशी मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही मंडळी उभी केली. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी काय सोसलं, सोवळ्यातून त्या बाहेर कशा आल्या आणि काही वर्षांनी आपल्या बुद्धीने त्याच वाटेवर कशा गेल्या, हे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. धर्मांतराचा मराठी अनुभव एका घराच्या आतून समजून घ्यायचा तर आधी तेच वाचावं.

ख्रिस्ती झाल्यावर जात गेली का?

कागदावर गेली, व्यवहारात सहजी गेली नाही. नगर, जालना भागात १८७६-७८च्या दुष्काळानंतर महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. अन्न मिळालं म्हणून गेले, असा टोमणा त्यांना मारला जातो. गावाने ज्यांना विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांना शाळेत बसायला जागा आणि नावाने हाक मिळाली, हेही त्या निर्णयामागे होतं. त्यांची पुढची पिढी मुंबईत गिरण्यांत, इस्पितळांत, शाळांत कामाला आली. भायखळा, परळ, वरळीच्या मराठी मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, त्यातून वाढल्या. कॅथलिकांतही लग्नसंबंध जातीतच जुळवण्याची रीत दीर्घकाळ टिकली. शिवाय १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींच्या बाहेर आहेत. शीख आणि बौद्धांना त्या पुढे मिळाल्या, त्यांना नाहीत. हा मला अन्याय वाटतो.

मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था) मुंबईत कशी आली?

सप्टेंबर १८८२ मध्ये. सरकारी सनदी नोकरी सोडलेले फ्रेडरिक टकर आणि तीन साथीदार बोटीतून उतरले. भगवे कपडे आणि अनवाणी पाय अशा फकिरी वेशात ते राहू लागले. रस्त्यात वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून इंग्रज पोलिसांनी त्यांना अटक केली.

मुंबईत एकाच वेळी दोन कॅथलिक बिशप होते, हे खरं?

हो. पोर्तुगालचा राजा आणि रोमचे पोप यांच्यात हक्कांवरून जुना झगडा होता, त्यामुळे शहरातली चर्च दोन अधिकारांखाली वाटली गेली. दुहेरी कारभार १९२८च्या कराराने संपला. १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल.

आज मराठीतून उपासना होते का?

होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या धर्मसभेनंतर, कॅथलिक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लोकभाषांत आली, त्यामुळे वसईत आणि मुंबईच्या अनेक धर्मग्रामांत (पॅरिशांत) ती मराठीतही असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर मराठी भक्ती पहिल्यापासून आहे आणि टिळकांची गीतं दर रविवारी गायली जातात. १८४२ साली नगरला निघालेलं ज्ञानोदय दीर्घायुषी मराठी नियतकालिकांपैकी एक ठरलं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, एक टक्क्याहून किंचित कमी. २०२०च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

एका दिवसात काय काय पाहता येईल?

फोर्टमधलं १७१८चं सेंट थॉमस कॅथीड्रल सकाळी पाहा. चर्चगेटचं नाव त्याच्याकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या वेशीवरून आलं. जवळच १७९६चं आर्मेनियन चर्च आहे. मग चौपाटीला विल्सन कॉलेज. दुपारी भायखळ्याचं ग्लोरिया चर्च पाहता येईल. त्याची मूळ वास्तू माझगावची, सतराव्या शतकातली, आजची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. माहीमचं सेंट मायकल बुधवारी पाहिलं तर नोव्हेनासाठी (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेसाठी) सगळ्या धर्मांचे लोक रांगेत दिसतील, पण शांतपणे बघायचं असेल तर बुधवार टाळा. वांद्र्याच्या मोत माऊलीची (माउंट मेरीची) जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते. मंडपेश्वरला उजेड असताना पोचा, म्हणजे भिंतीवरचा क्रूस आणि नटराज दोन्ही नीट दिसतात. उपासना चालू असताना चर्चमध्ये फोटो काढू नका. मागच्या बाकावर बसायला मात्र कुणाची हरकत नसते.